‘त्रास’ हा शब्द खोडून टाक

पत्र:
ताई, मी 29 वर्षांची. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या शाखेत चार वर्षं क्लार्क आहे. शाखेत आम्ही सहाजण, सगळ्या शाखा धरून चाळीसेक माणसं. दीड वर्षापूर्वी नवे शाखाधिकारी आले तेव्हापासून खूप त्रास आहे. आधी रात्री अकरा-साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे. ‘झोपलीस का’, ‘आज साडीत छान दिसत होतीस’, ‘घरी एकटीच असतेस का’. मी उत्तर देणं बंद केलं आणि त्रास वाढला. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर ओरडतात. आम्ही अनुसूचित जातीतले. माझा चहाचा कप वेगळा ठेवायला लावला. जातीचं नाव घेऊन ‘तुमच्या लोकांना सगळं आयतं मिळालंय, अक्कल कुठून येणार’ असं बोलतात. रजा देत नाहीत. कॅश टॅली झाली नाही की मेमो मलाच. शेवटचा मेसेज 18 जानेवारीला आला, ‘एकदा बाहेर भेट, सगळं नीट करून देतो.’ आई म्हणते गप्प बस, बहिणीचं लग्न व्हायचंय. राजीनामा देऊ का? तक्रार केली तर नोकरी राहील का? नाव छापू नका. तुमच्या धाकट्या बहिणीसारखी आहे, अगं-तूगं केलंत तरी चालेल.

प्रिय मैत्रिणी,

तुझं मूळ पत्र सहा पानांचं आहे. वर छापलंय ते जेमतेम एक पान. गाव, संस्थेचं नाव, बहिणीचं कॉलेज, सगळं मी काढून टाकलंय, तेव्हा तेवढ्यापुरती निर्धास्त राहा.

पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि ‘त्रास’ या शब्दाखाली रेघ ओढत गेले. सहा पानांत तो 23 वेळा आला आहे. त्या माणसाने नेमकं काय म्हटलं आणि काय केलं, हे तू लिहिलंयस फक्त पाच ठिकाणी. वर छापलंय त्यात ते जवळजवळ सगळं आलंय. बाकीची पाच पानं वाचताना मला तुझी झोप उडालेली दिसते, तुझं रडू दिसतं, पण तो माणूस दिसत नाही. तू त्याला ‘त्रास’ या शब्दामागे लपू दिलंयस.

हा दोष तुझा नाही. हा शब्द आपल्याला घरातच मिळतो. लेक सासरी मार खात असली तरी आई शेजारणीला सांगते, ‘तिला जरा त्रास आहे.’ अब्रू राखून बोलायचा शब्द आहे तो. ऐकणाऱ्याला कळतं आणि बोलणारीला उच्चारावं लागत नाही. पण चौकशी समितीपुढे, पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात ‘त्रास’ची चौकशी होऊ शकत नाही. कोण, कधी, कुठे, काय म्हणाला, कोण ऐकत होतं, याचीच होते.

जिल्ह्यातल्या दोन-तीन आस्थापनांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बरीच वर्षं काम केलं. तिथली एक दुपार माझ्या मनातून जात नाही. समोर साधारण तुझ्याच वयाची मुलगी बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तक्रारीत लिहिलं होतं, ‘साहेबांनी वारंवार मानसिक त्रास दिला व गैरवर्तन केले.’ मी विचारलं, गैरवर्तन म्हणजे काय? ती खाली बघत राहिली. पहिल्यांदा कधी झालं? ‘पावसाळा होता.’ महिना? ‘बहुतेक ऑगस्ट. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास.’ साहेब आले ते हजेरीपत्रकाची नक्कल घेऊन. 10 ते 20 ऑगस्ट ते रजेवर होते. मुलगी खोटं बोलत नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. पुढच्या बैठकीत तिला आठवलं की तो जुलै होता, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पण तोवर समोरच्याला एक वाक्य मिळालं होतं, ‘बाई तारखा बदलतात’, आणि ते त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हणून राजीनामा, तक्रार, आई, बहिणीचं लग्न, हे सगळं क्षणभर बाजूला ठेव. आज रात्री एक वही घे. ऑफिसची डायरी नको, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची फाइलही नको. शिवलेली, पानं फाडली तर कळेल अशी साधी शाळेची वही. त्यात एक नियम पाळ: ‘त्रास’, ‘टॉर्चर’, ‘गैरवर्तन’, ‘अपमान’ हे चार शब्द लिहायचे नाहीत. ‘साहेबांनी कॅशवरून अपमान केला’ असं लिहिलं असशील तर ते खोड आणि लिही: ‘मंगळवार, अमुक तारीख, दुपारी सव्वा बारा. काउंटर नंबर दोन. कॅशमध्ये 500 रुपयांचा फरक आला. साहेब केबिनमधून बाहेर येऊन मोठ्याने म्हणाले,’ आणि पुढे त्याचं वाक्य, तो बोलला त्याच शब्दांत. जातीचं नाव घेतलं असेल तर तेही जसंच्या तसं. शिवी असेल तर शिवी. लिहिताना हात थांबेल, मला माहीत आहे. तरी लिही, त्या जागी फुल्या मारू नकोस. खाली लिही: समोर पिग्मी एजंट उभे होते, दोन गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक ओळखीचं.

मागचं सगळं आठवणार नाही. आठवेल तेवढंच लिही आणि नीट आठवत नसेल तिथे ‘दिवाळीच्या आधीचा आठवडा’ इतकंच लिही. अंदाजाने तारीख घालू नकोस. तारखा शोधायला कॅशबुक, रजेचे अर्ज, मेमोची तारीख, बँकेचे एसएमएस, फोनमधले फोटो उपयोगी पडतात.

आता मेसेजचं. त्याचा एकही मेसेज पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू आहे का बघ आणि असली तर बंद कर. स्क्रीनशॉट घेताना वर फक्त ‘साहेब’ असं सेव्ह केलेलं नाव दिसून भागत नाही, त्याचा नंबर आणि मेसेजची तारीख-वेळ दिसली पाहिजे. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठव. आणि हा फोन विकू नकोस, बदलू नकोस, दुकानात फॉरमॅटला देऊ नकोस. स्क्रीनशॉट ही नक्कल झाली. अस्सल पुरावा तुझ्या हातातला फोन आहे.

एवढं झालं की बघ, तुझ्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. तुला तो एकच माणूस दिसतो, म्हणून ते एकच दुखणं वाटतं. पण तिन्हींची दारं वेगळी आहेत आणि एका दाराला मुदतीचं कुलूप लागणार आहे.

ते दार आधी. रात्रीचे मेसेज, साडीवरची टिप्पणी, ‘एकदा बाहेर भेट, सगळं नीट करून देतो’, हा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आहे. हात लावलेला नाही म्हणून तो कमी होत नाही. शेवटचं वाक्य तर पुन्हा वाच. कामावरची परिस्थिती सुधारण्याच्या बदल्यात तो काहीतरी मागतोय. 2013 च्या कायद्यात नोकरीत सवलतीचं उघड किंवा आडून दिलेलं आमिष आणि नुकसानीची धमकी, दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याखाली तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, पण त्या भरवशावर राहू नकोस. शेवटच्या मेसेजनंतरचा मेमो किंवा नाकारलेली रजा याच मालिकेत धरली जाईल असंही मानून चालू नकोस. शेवटचा मेसेज 18 जानेवारीचा. म्हणजे 18 एप्रिल उजाडायच्या आत तक्रार पोचलेली हवी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल कर.

पोचवायची कुठे? दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. समिती कोणाची आहे हे दिसेल अशा जागी लावायचं बंधनही मालकावर आहे. तुझ्या शाखेच्या भिंतीवर व्याजदराच्या तक्त्याशेजारी असा कागद आहे का? नसावा, नाहीतर तू मला पत्र लिहिलं नसतंस. मुख्य कार्यालयात असू शकतो, कधी जाणं झालं तर बघून ये. समिती असेल तर तक्रार तिच्या अध्यक्षांच्या नावे. समितीच नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यात याच कायद्याखाली स्थानिक समिती असते. दहाहून कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारी तिच्याकडे जातात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन तिची चौकशी कर. संस्थेने समिती नेमलेली नाही हेही तिथे लेखी दे, कारण समिती न नेमणाऱ्या मालकाला 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. ती योग्य समितीकडे जाते आणि नोंदीचा क्रमांक तुझ्या हातात राहतो.

पुढे काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे अंधारात पाऊल टाकल्यासारखं वाटणार नाही. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. सात कामाच्या दिवसांत त्याला प्रत जाते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत संपवायची. वकील दोघांनाही आणता येत नाही, तेव्हा तो शहरातला मोठा वकील उभा करील ही भीती काढून टाक. चौकशी चालू असताना तू लेखी मागणी केलीस तर समिती तुझी किंवा त्याची बदली सुचवू शकते, हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायला सांगू शकते आणि तुझ्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असंही सांगू शकते. ही तिसरी मागणी तू नक्की कर. मेमोचं हत्यार तेवढ्यापुरतं तरी त्याच्या हातून निघेल. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली, असं होत नाही. जाणूनबुजून खोटी केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. ऑफिसात कोणी ‘उलट तुझ्यावरच शेकेल’ म्हणालं तर हे लक्षात ठेव.

एका गोष्टीपासून मात्र जप. तक्रार गेल्याचा वास लागला की संचालकांपैकी कोणीतरी भला माणूस तुम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावेल, चहा मागवेल आणि म्हणेल, ‘आपल्या घरातलंच प्रकरण आहे, मिटवून टाका.’ तडजोड फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितली तरच होऊ शकते आणि तिच्यात पैशांची देवघेव चालत नाही. तू मागितलेली नसेल तर ‘जे काही आहे ते समितीपुढे’ एवढं म्हणून उठायचं. तो चहा पिऊ नकोस. बाहेर ‘चहापाणी झालं, मिटलं’ अशी बातमी होते.

घाईचंही सांगते. समिती चार दिवसांत सगळं उरकायला लागली तर बरं वाटतं, पण ते बरं नसतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात विद्यार्थिनींच्या तक्रारींवर 2009 मध्ये घाईघाईत चौकशी झाली आणि त्या विभागप्रमुखाला नोकरीवरून काढलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं, कारण त्याला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनी त्या मुलींच्या वाट्याला पुन्हा पहिली पायरी आली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत समित्या खरोखर आहेत का हे तपासायलाही सांगितलं. तुझ्या साहेबाला पुरेसा वेळ मिळाला तर तुझा निकाल वरच्या कोर्टात टिकेल.

आता जातीचं. इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण हे दोन धागे वेगळे काढताना तुला वाटेल की आपल्याच अनुभवाचे तुकडे होताहेत.

ज्या कायद्याबद्दल मी वर बोलले त्याची सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावात आहे. भंवरी देवी तिथे सरकारी योजनेत साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होत्या. कुंभार समाजातल्या. गावातल्या वरचढ जातीच्या घरातला बालविवाह थांबवायला त्या गेल्या, कारण ते त्यांचं काम होतं. 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. ज्या सरकारचं काम करताना हे घडलं त्यानेही कामावरच्या बाईच्या सुरक्षेची जबाबदारी आपली मानली नाही. मग ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 ला विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा कायदा व्हायला 2013 साल उजाडलं. भंवरी देवींवरचा हल्ला बाई म्हणून होता आणि ‘हिच्या जातीची बाई आम्हाला शिकवणार?’ म्हणूनही होता. त्यातला बाईपणाचा धागा कायद्यात आला, जातीचा या कायद्यात आला नाही. आज तू समितीपुढे बसून कपाची गोष्ट सांगशील तेव्हा एखादी सदस्य म्हणेल, ‘ते आमच्या कक्षेत येत नाही.’ कागदावर तिचं बरोबर असेल. तुला मात्र ते लागेल. मलाही दरवेळी लागतं. तरी तक्रारीत ते लिही, कारण तो तुझ्याशी असं वागायला का धजावला हे त्यातूनच कळतं.

जातीचं दार आहे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आपण ज्याला ॲट्रॉसिटी म्हणतो. लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीच्या नावाने शिवीगाळ करणं किंवा हेतुपूर्वक अपमान करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणून जागा महत्त्वाची. केबिनमध्ये दार लावून तुला एकटीला बोलला असेल तर हे कलम लावणं अवघड जातं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातल्या एका प्रकरणात चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना झालेल्या बोलण्याला हे कलम लागत नाही असं म्हटलं आहे. काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर बोलला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वहीत प्रत्येक घटनेपुढे जागा आणि तिथे हजर असलेली माणसं लिहायला सांगितलं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: बाई अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना तिला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द, हावभाव, कृती करणं हाही याच कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. ते मेसेज इथेही वाचले जाऊ शकतात. कपाबद्दल तर संविधानाचं कलम 17 आणि 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. तुझ्या आजीने हे भोगलं असेल. 29 वर्षांच्या पदवीधर मुलीला संगणकीकृत पतसंस्थेत वेगळा कप मिळावा, हे वाचून मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले.

या दारातून जायचं म्हणजे पोलीस ठाणं. गुन्हा नोंदवण्याआधी ‘प्राथमिक चौकशी करून बघू’ असं पोलिसांना म्हणता येत नाही, 2018 च्या दुरुस्तीने ते साफ केलंय. तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठाण्यात दाद दिली नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायची. मेसेजबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली, म्हणजे जुन्या 354-अ खाली, वेगळी फिर्यादही देता येते आणि समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांकडचा रस्ता बंद होत नाही. इथे तीन महिन्यांचं कुलूप नाही. पण जितका उशीर तितका ‘इतके दिवस गप्प का?’ हा प्रश्न जड होतो.

माझं मत विचारशील तर आधी समितीची तक्रार पक्की कर, कारण तिची मुदत सरतेय, आणि त्याच आठवड्यात ॲट्रॉसिटीबद्दल वकिलाशी बोल. ती फिर्याद द्यायची की नाही हे तू ठरव, पण एकदा दिलीस की मागे घ्यायची म्हणून देऊ नकोस. ‘बघ हं, ॲट्रॉसिटी लावीन’ असं त्याला कधीही, रागाच्या भरातही, म्हणू नकोस. तो ते वाक्य तुझ्याविरुद्ध वापरील.

वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बाई म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणून, दोन्ही कारणांनी तुला उत्पन्नाची अट न लावता तिथे वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोन 15100.

तिसरी गोष्ट ओरडणं, रजा नाकारणं, मेमो. इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. साहेब ओरडतो, कामात खुसपटं काढतो, वाळीत टाकतो, नुसत्या एवढ्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. या दारावर पाटीच नाही. इथे तुझं संरक्षण कागदच करणार. रजा तोंडी मागू नकोस, अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घे. पोच देत नसतील तर मुख्य कार्यालयाला ईमेल कर किंवा स्पीड पोस्टाने पाठव, पावती वहीत चिकटव. मेमो आला तर घ्यायचा, फेकून द्यायचा नाही. सही करताना खाली लिहायचं, ‘मिळाला, मजकूर मान्य नाही’, आणि तारीख. मुदतीच्या आत लेखी उत्तर, अर्ध्या पानाचं, त्या दिवशीच्या कॅशच्या आकड्यांसह. रडगाणं नको, आरोपही नको. कॅशचा फरक कुणाच्या व्हाउचरमुळे आला ते दाखवता आलं तर तेवढंच दाखव. कोऱ्या कागदावर, मागच्या तारखेच्या कागदावर, ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही करायची नाही.

आणि राजीनामा देऊ नकोस. निदान 18 एप्रिलच्या आधी तर नाहीच. नोकरी सोडल्यावरही तक्रार करता येते, ते खरं आहे. पण बदली, रजा, अहवाल त्याच्या हातून काढून घेणं, हे सगळं तू कामावर असलीस तरच उपयोगाचं. मी हे माझ्या अनुभवाने सांगते. चोवीसाव्या वर्षी एका कार्यालयातून मी एका ओळीचा राजीनामा देऊन बाहेर पडले, ‘घरगुती कारणास्तव’. घरगुती कारण काहीही नव्हतं. तो अधिकारी तिथेच राहिला आणि माझ्या जागी आलेली मुलगी पुढे सहा वर्षांनी मला एका लग्नात भेटली. तिने फक्त त्याचं नाव घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे एक तारीख नव्हती, एक चिठ्ठी नव्हती, तिच्या बाजूने उभं राहायला काहीच नव्हतं. फक्त ‘घरगुती कारणास्तव’ लिहिलेली नक्कल होती.

तू विचारलंस, नोकरी राहील का. राहीलच असं वचन मी देऊ शकत नाही. तक्रारीनंतर त्यांनी काढलंच, तर तारखेसह पोच घेतलेला एकेक कागद कामगार न्यायालयात तुझ्या बाजूने बोलेल. आणि गप्प राहून नोकरी टिकतेय असं तुझं पत्र सांगत नाही. दोन मेमो झालेत. तो तुला काढायची फाइल बनवतोय आणि समोर तुझी फाइलच नाही.

आईशी वाद घालू नकोस. तिला कायदा सांगितलास तर ती आणखी घाबरेल. तिची भीती बदनामीची आहे, तर तिला एवढंच सांग की या कायद्यात तक्रारदार बाईचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर छापायला, जाहीर करायला बंदी आहे आणि ती मोडणाऱ्याला दंड आहे. तेवढ्याने गावातली कुजबूज थांबणार नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. म्हणून दुसरं कर: तो 18 जानेवारीचा मेसेज तिला वाचून दाखव. तुझ्या पत्रावरून वाटतं की तिलाही तू फक्त ‘त्रास’ असंच सांगितलंयस. ‘एकदा बाहेर भेट, सगळं नीट करून देतो’, हे वाक्य ऐकल्यावर ती काय म्हणते ते बघ.

शाखेतल्या बाकीच्या चौघांवर रागावू नकोस. त्यांनाही हप्ते आहेत. सगळ्यांना एकदम विचारलंस तर सगळे मिळून नाही म्हणतील. तू लिहिलंयस की कप वेगळा काढायला शिपाईकाकांना सांगितलं आणि त्यांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला महत्त्वाची वाटते. त्यांच्याशी एकट्याशी बोल, ऑफिसात नको, त्यांच्या घरी जा. साक्ष द्या म्हणू नकोस. ‘काका, त्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं होतं ते मला फक्त पुन्हा सांगा’ एवढंच विचार. वहीत लिहून ठेव. साक्षीचं पुढे बघू.

झोप येत नाही, कॅश मोजताना हात थरथरतात, असं लिहिलंयस. ते दुर्लक्षू नकोस. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलीस तर कारण सांग आणि कागद ठेव. तुझ्यावर काय परिणाम झाला हेही समिती विचारात घेते. अडल्या वेळी 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि अंगावर येण्यासारखं काही झालं तर 112.

तक्रारीचा मसुदा झाला की मला पाठव. दोन पानांच्या वर नको, घटना तारखेच्या क्रमाने, शेवटी अहवाल आणि बदलीबद्दलची मागणी. मी आधी ‘त्रास’ शब्द शोधीन. सहा प्रती काढायला पतसंस्थेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नकोस, तुमच्या साहेबाचे कागद तिथेच निघत असतील. जिल्ह्याच्या गावी जाशील तेव्हा एसटी स्टँडजवळ काढ आणि मशीनवर मूळ प्रत विसरली नाहीस ना, ते बघ.

तुझी
ताई